जेठीकडे राहिलेली काळी काठी

अच्छाडच्या नाक्यावरून फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून चिकू निवडत होते. नंबर ओळखीचा नव्हता, म्हणून पहिल्यांदा उचललाच नाही. हल्ली कोण कोण फोन करतं, कर्ज घ्या म्हणतं. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. पलीकडचा माणूस अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत होता आणि मागे ट्रकांचे भोंगे. "बेन, बाई के फोन में पहला नाम 'वहिनी' है, इसलिए मेरे फोन से आपको लगाया," म्हणाला. मग थांबला. मग एकदम मराठीत, जपून जपून बोलला, "तुमच्या बाई इथे बसल्या होत्या. चहा सांगितला. मी चहा घेऊन आलो तर... चहा तसाच आहे, बेन." हृदय बंद पडलं होतं. ढाब्याच्या बाकड्यावर, भिंतीला टेकून, पर्स मांडीवर धरलेली. बघणाऱ्याला वाटावं, बाई दमून डोळे मिटून बसलीय.

नलिनी माझी धाकटी नणंद. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला आलेलं प्रत्येक माणूस आधी रडतं आणि मग हळूच विचारतं, "पण त्या अच्छाडला कशाला गेल्या होत्या?" साठी उलटलेली, एकटी बाई, डहाणूजवळची कैनाडची आमची चिकूची वाडी सोडून पार गुजरातच्या हद्दीवर काय करत होती, हे कोणाला कळत नाही. ज्याला त्याला सांगून माझा घसा दुखला, म्हणून इथे एकदाच लिहिते. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं जे काही आलं ते पेपर वाचून आणि नलूकडून. त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकर-पोलक्यातली होती. पुढे मुंबईला रसायनशास्त्र शिकली आणि हद्दीपलीकडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. तिथे फायबरच्या टाक्या आणि पाइप बनत. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "वहिनी, तू दादाशी केलंस ना, एका घराला तेवढं पुरे." मोजकं बोलायची आणि बोलली की असं काहीतरी. माझ्या तोंडाला टाळं नाही, तिच्या तोंडाला किल्ली नव्हती... आमचं छान जमायचं. निवृत्त झाल्यावर इथेच आली आणि वाडीतल्या पंपाच्या खोलीत तिने आपला संसार मांडला. पिंपं, काचेच्या धाग्याच्या कापडाची गुंडाळी, रेझिनचे, म्हणजे वाळून दगडासारख्या होणाऱ्या चिकाचे डबे, आणि एक जुनं भिंग. मला वाटलं, चार दिवस करेल आणि कंटाळेल.

मग देवू गेला. देवू आमच्याकडे वर्षानुवर्षं चिकू उतरवायला यायचा, त्याची बायको जेठी त्याच्याबरोबर. चिकू उतरवायचा म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला जाळी, आणि मान दिवसभर आभाळाकडे. बांबूची काठी जड, पावसाळ्यानंतर तर अजून जड. म्हणून मधे ॲल्युमिनियमचे पाइप निघाले. हलके, सरळ, सगळ्यांनी घेतले. शेजारच्या एका वाडीवरून विजेची तार गेलेली, झाडांच्या शेंड्यांना लागेल इतकी झोळ पडलेली. देवूचा पाइप तिला टेकला. जेठी खाली पाटी घेऊन उभी होती. तिने वर बघितलं तेव्हा तो खाली येत होता.

दहाव्याला त्यांच्या पाड्यावर आम्ही दोघी गेलो होतो. परत येताना नलू रिक्षात एकच वाक्य बोलली, "फायबरची काठी तारेला लागली तरी काही होत नाही." काचेच्या धाग्यातून वीज जात नाही, रेझिनमधूनही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पंपाच्या खोलीचं दार मी उठायच्या आधी उघडलेलं होतं.

काठ्या झाल्या, पण टिकेनात. चिकूची काठी नुसती वर धरायची नसते, फांदीत घालून पिरगळायची, ओढायची, वेळेला झाडाला टेकून तिच्यावर भार द्यायचा. पहिल्या काठ्या एका हंगामात तुटल्या. नलू तुटलेलं तोंड भिंगातून बघायची आणि मलाही बघायला लावायची. "काय दिसतंय?" मी म्हटलं, "केरसुणी." तसंच होतं. धागे सुटे सुटे, नागडे, रेझिनचा कण अंगाला नाही. ती म्हणाली, "तेच तर. धागा मजबूत आहे, रेझिन मजबूत आहे, पण दोघांची एकमेकांना पकड नाही. ओढ बसली की धागा म्यानातून तलवार निघावी तसा निघून येतो." मला काही कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण दुपारी मी भजी करत होते तिथे येऊन उभी राहिली. "ओल्या मिरचीवर पीठ टिकतं का?" म्हटलं, सुटतं. "मग तू काय करतेस?" म्हटलं, आधी कोरड्या पिठात घोळवते, मग भिजवलेल्यात. "मी तेच करणार आहे," म्हणाली आणि एक गरम भजं उचलून तोंड भाजून घेतलं.

ते कोरडं पीठ म्हणजे तिची काळी भुकटी. कार्बनच्या नळ्या, डोळ्याला तर सोडाच, भिंगालाही दिसणार नाहीत इतक्या बारीक. नॅनो म्हणतात त्यातला प्रकार. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि ती भुकटी कोरडी म्हणून कधी उडू द्यायची नाही, पाण्यातच ठेवायची. आपल्याला त्या खोलीत पाऊल टाकायची मनाई. त्या पाण्यात काचेचं कापड बुडवायचं, वाळवायचं, मग त्याला रेझिन पाजून साच्याच्या नळीवर गुंडाळायचं. गुळगुळीत धाग्याला आता बारीक खरबरीत अंग यायचं आणि रेझिन त्यात रुतून बसायचं. डहाणूच्या कॉलेजातली चैताली, नलूकडे शिकायला येणारी पोरगी, तुकडे घेऊन कॉलेजच्या यंत्रावर ओढून बघायची. एक दिवस ती स्कूटर उभी करायच्या आधीच बोलायला लागली, "टीचर, धागे निघतच नाहीत. काठी काकडीसारखी मोडली." नलू म्हणाली, "काकडीसारखी नको. थोडं सैल ठेव." फार चिकटलं तरी वाईट असतं म्हणे, मग सगळं एकदम मोडतं. मधलं गाठायला तिला बराच काळ लागला. गाठलं मात्र.

त्या काळ्या काठ्या तुम्ही बघायला हव्या होत्या. बोरूसारख्या हलक्या आणि ओढाल तेवढ्या ओढा. पहिली जेठीला दिली. देवू गेल्यापासून तिचा उजवा खांदा धरलेला होता, त्या दिवशी पडत्या नवऱ्याला झेलायला गेली होती ती. बांबू तिच्याने डोक्याच्या वर जात नव्हता, आणि हाती काठी नसलेल्या बाईला व्यापारी कामाला घेत नाही. तिने काळी काठी उचलली, एका हाताने, वरच्या फांदीतला चिकू जाळीत घेतला आणि खाली आणला. मग नलूकडे बघून म्हणाली, "ताय, ही काठी नाय. हा माझा हात हाय." त्या दिवशी नलू दोन वेळा चहा प्यायली. ती चहाची बाई नव्हती.

बाकीच्या काठ्याही ओळखीच्यांना गेल्या. सगळ्यांनी मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, हाताला घट्ट बसावी म्हणून. हंगाम छान गेला. पाऊस गेल्यावर एका दुपारी चैताली कुठल्यातरी पाहुण्यांना दाखवायला फोटो काढत होती. गंमत म्हणून तिने वीज तपासायच्या मीटरच्या दोन पिना काठीच्या दोन टोकांना लावल्या. फोटोत दिसायला हवं होतं की काठीतून वीज जात नाही. मी पायरीवर बसले होते. मला मीटर कळत नाही, पण तिचा चेहरा कळला. "टीचर..." नलूने बघितलं. म्हणाली, "दुसरी लाव." दुसरी लावली. तिसरी लावली. मग नलूने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली, पुसत बसली.

कार्बन म्हणजे कोळशाच्या घरचा. त्यातून वीज जाते, हे त्या धंद्यातल्या लहान मुलालाही ठाऊक. धागान् धागा त्याने माखलेला आणि एकाला एक चिकटलेला, म्हणजे काठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विजेला वाट करून दिलेली. ज्या गुणासाठी फायबर घेतलं तो गुणच त्या भुकटीने खाऊन टाकला होता. "मला ठाऊक होतं गं, वहिनी," ती संध्याकाळी म्हणाली. "कोणी विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. पण मी पकड बघत होते. पकडीशिवाय दुसरं काही बघितलंच नाही." मी म्हटलं, "कोणाला काही झालेलं नाही ना? मग परत घेऊ." ती म्हणाली, "हो." आणि तेव्हापासून ती वाडीत चालताना खाली बघेनाशी झाली. मान वर. तार कुठून कुठे जाते, कुठे झोळ आहे. दोनदा ठेचकाळली.

काठ्या परत मागणं सोपं नव्हतं. दिलेली वस्तू काढून घेणारी बाई म्हणून तिचं नाव झालं. एकाने तोंडावर ऐकवलं, "ताय, उद्या लग्नात दिलेला हंडाही मागायला याल." दुसरा म्हणाला, "मुठीला रबर हाय ना, मंग काय होतंय?" त्याला ती तासभर समजावत बसली, की भोकं पडलेली, घामाने भिजलेली ट्यूब त्या तारेपुढे कागद आहे. एका घरी काठी सापडली ती कोंबड्यांच्या खुराड्याला आडवी घातलेली. मालकीण म्हणाली, "चांगली होती, मोडली नसती, म्हणून इथे लावली." नलू इतकी हसली त्या दिवशी... खूप दिवसांनी हसली. एकेक करत सगळ्या आल्या. एक राहिली.

जेठी पाड्यावर नव्हती. पावसाळ्यानंतर ती भावाकडे, अच्छाडच्या बाजूला वेवजीला, निघून गेली होती. तिथून जीपमध्ये बसून बायका हद्दीपलीकडच्या वाड्यांत चिकू उतरवायला जातात, आज इथे, उद्या तिथे. फोनचा नंबर बदललेला. नलूने निरोप धाडले, बाजारात विचारलं, तलासरीला दोन खेपा घातल्या. आणि इकडे रोज पांढऱ्या काठीमागे लागली. वाळूच्या जातीची एक पांढरी भुकटी असते, तितकीच बारीक, पण तिच्यातून वीज जात नाही. कोरड्यात पकड चांगली. पाण्यात ठेवलं की काही दिवसांनी धागा पुन्हा सुटायला लागायचा. आमच्याकडची हवा म्हणजे अर्धं वर्ष पाणीच. म्हणून पंपाच्या खोलीत तिने पिंपात पाणी भरून पांढरे तुकडे बुडवून ठेवले होते, आणि रोज सकाळी आंघोळीआधी जाऊन पाणी बदलायची. देवपूजा मी करायचे, ही तिची पूजा.

शेवटी कोणीतरी सांगितलं, जेठी वेवजीतच आहे, सध्या जवळच्या वाडीत जाते. नलू त्याच सकाळी निघाली. मी म्हटलं, "जेवून जा." म्हणाली, "काठी घेऊन येते, मग जेवते." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बाकड्यावर, भिंतीला टेकून. तिच्याजवळ काठी नव्हती.

म्हणजे भेट झाली नाही, असंच मी धरून चालले. दिवसकार्य होईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती बाई कुठेतरी ती काठी घेऊन झाडाखाली उभी असेल, आणि ते तिला सांगायला निघालेली बाई वाटेत गेली. पाहुणे पांगले तसं मी चैतालीला म्हटलं, काढ स्कूटर. माझ्या वयाची बाई स्कूटरवर मागे बसून वेवजीला गेली, लोकांनी बघून घेतलं.

जेठी वाडीतच सापडली. काळी काठी हातात. मला बघून तिने ती झाडाला टेकवली आणि माझ्या गळ्यात पडली. तिला कळलं होतं. "ताय माझ्याकडं जेवली, बाय," म्हणाली. "नाचणीची भाकर खाल्ली. मंग गेली."

मी तिला गळ्यातून सोडवलं. म्हटलं, "जेठी, तुला भेटली ती? काठीचं सांगितलं तुला?"

"सगळा सांगितला. हिच्यातून वीज जातं म्हणाली." जेठी काठीकडे बघत होती. "मी म्हटला, घेऊन जा ताय. मी काय लढणार नाय तुमच्याशी. मंग ती बघत बसली मी कशी काम करते ते. खूप वेळ. मंग उठली आणि हा सगळा वाडीभर फिरली, मान वर करून. म्हणाली, इथं तार नाय. इथं वापर. तार असेल त्या वाडीत नेऊ नको. मी पांढरी काठी घेऊन येते, ती घे आणि ही दे."

चैताली एकदम रडायला लागली. मला मात्र राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं बरं नव्हे, पण आला. सगळ्या पंचक्रोशीत दारोदार फिरून, शिव्या खाऊन काठ्या गोळा केल्यास, आणि जिच्यासाठी हे सगळं मांडलंस तिच्याच हातात ती ठेवून आलीस? खांदा बघून विरघळलीस. मी तिथेच जेठीला म्हटलं, "दे ती मला."

"देते," ती म्हणाली. "पांढरी आणली का?"

"पांढरी अजून झाली नाही."

"मंग मी उद्या काय उचलू?"

मी म्हटलं, आमच्याकडे ये, चिकू निवडायला बस, सावलीत. ती म्हणाली, "तुमच्याकडं चिकू निवडते ती मथी माझ्याहून म्हातारी. तिला उठवू का मी?" मी म्हटलं, बांबू घे. तिने उजवा हात वर करून दाखवला. खांद्याच्या पातळीला येऊन थांबला. मग जरा हसून म्हणाली, "बाय, माझा माणूस त्या तारेनं नेला. मला काय तार दिसत नाय होय? तुमच्याहून मीच जास्त वर बघते."

काठी ओढून घ्यायला गेले असते तर तिने दिली असती. तिने म्हटलंच होतं, लढणार नाही. पण हात पुढे झाला नाही. नलूचाही असाच झाला नसेल, हे तेव्हा कळलं आणि राग उतरला. भीती मात्र उतरली नाही. आज या वाडीत तार नाही. उद्या जीप दुसऱ्या वाडीत जाईल. तिथे तार झाडीत लपलेली असेल, किंवा वाऱ्याने खाली आलेली असेल, किंवा जेठी दमलेली असेल. दमलेलं माणूस एखादा दिवस वर बघायला विसरतं. देवूही रोज बघायचा.

परत येताना अच्छाडला थांबलो. तो ढाबेवाला उठून उभा राहिला. बाकडं दाखवलं. त्याने आम्हाला चहा दिला आणि म्हणाला, "बेन आल्या ना, तेव्हा खूश होत्या. बसल्या बसल्या विचारत होत्या, इथून वेवजीला रोज कोण गाडी जाते का, एक काठी पाठवायची आहे." मी तो चहा संपवला. नलूचा राहिला होता ना.

आता पंपाच्या खोलीत चैताली असते. पांढऱ्या भुकटीच्या आधी धाग्याला आणखी कसला तरी हात देऊन बघतेय, पाण्यात टिकावा म्हणून. मी विचारते, "कधी?" ती म्हणते, "मावशी, पाण्याला फसवता येत नाही. अजून थांबा." नलू हेच म्हणाली असती. तुकड्यांना घाई नाही. घाई मला आहे. सकाळी आंघोळीआधी पिंपातलं पाणी मी बदलते. आणि वाडीत चालताना माझी मानही आता वरच असते, मीही एकदा ठेचकाळले. तुमच्यापैकी कोणाची वाडी त्या बाजूला असेल, तर आधी आपल्या तारा बघून घ्या. आणि काळी काठी घेतलेली, उजव्या खांद्याने अधू बाई तुमच्याकडे कामाला आली, तर तिला हाकलू नका. जिथे तार नाही त्या कडेची झाडं तेवढी तिला द्या.

जेठीचा नवा नंबर मी घेऊन ठेवलाय. रोज पाणी बदलायच्या आधी लावते. "आज कुठल्या वाडीत?" ती सांगते. "वर बघितलंस?" "बघितला, बाय." मग ती विचारते, "झाली का काठी?" मी म्हणते, "होतेय." एवढंच बोलतो. मग मी पिंपाकडे वळते.

आज सकाळपासून तिचा फोन लागलेला नाही. हद्दीपलीकडे रेंज जाते, मला ठाऊक आहे. काल पण एकदा असंच झालं होतं, नंतर लागला. पाणी बदलून झालं. पांढरे तुकडे धुऊन परत बुडवले. आता पुन्हा लावून बघते.